पाय न रुतणारा किनारा

लग्नानंतर आम्ही दोघं बालीला जाऊन आलो, तेव्हा मी मोठ्या हौसेनं शेजारच्या दिनकरअण्णांना मोबाइलवर फोटो दाखवायला गेले. अण्णांनी चष्मा पुसला, फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. माझं तोंड गेलं, नवऱ्याचं गेलं, निळंशार पाणीही गेलं. उरले नुसते वाळूतले आमच्या पायांचे ठसे.

"टाच लई रुतलीया," अण्णा म्हणाले. "भुसभुशीत बेस. नापास!" आणि मोबाइल परत देताना वर, "फोटो झकास हाईत, पर तुम्ही दोघं लई मधी मधी आलायसा."

नवी सून होते म्हणून गप्प बसले. नाहीतर मी काही कुणाचं ऐकून घेणारी नाही, हे आता सगळ्या निपाणीला माहीत आहे.

दिनकरअण्णा बांधकाम खात्यातून ओव्हरसीअर म्हणून रिटायर झालेले. उभा जन्म रस्ते करण्यात गेला. त्यामुळं रस्ता असो, जावई असो की वांग्याची भाजी असो, यांचा पहिला प्रश्न एकच, "बेस कसाय?" म्हणजे खालचा पाया पक्का आहे का. रिटायर झाल्यावर रस्ते सुटले आणि या माणसानं एकदम समुद्रातली बेटंच धरली. गल्लीतलं कुणी मॉरिशसला जाऊन येवो की लक्षद्वीपला, बॅगा उघडायच्या आत अण्णा हजर. हॉटेल कसं होतं, जेवण कसं होतं, छे! ओहोटीला वाळू कडक होते का? उतार किती? पाण्यात दगड हाईत का? आलेला माणूस बिचारा चहा प्यायचा विसरायचा.

कोपऱ्यावरच्या तंबाखूवाल्यांचा मुलगा मालदीवहून आला, त्यानं पाण्यावर बांधलेल्या खोलीचा फोटो ऐटीत पुढं केला. "खोलीतनंच शिडी हाय अण्णा, उतरलं की डायरेक्ट समुद्रात!"

"शिडी व्हय?" अण्णा हळहळले. "मग आम्हाला न्हाय जमत. नापास."

एकदा बेळगावला आम्ही एकाच गाडीनं गेलो होतो, तर मलाही एका ट्रॅव्हल एजंटकडं ओढत नेलं. "बर्री सर," असं कानडीत 'या या' म्हणून त्यानं खुर्ची पुढं केली आणि सनसेट क्रूझ, कँडललाइट डिनर असं सगळं ओळीनं सुरू केलं. अण्णांनी हात वर केला. "सनसेट आमच्या बसस्टँडच्या मागंबी हुतोय. बेस कसाय, ते सांगा." त्या पोरानं माझ्याकडं असं बघितलं की मी अनोळखी असल्यासारखी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"अण्णा, गोवा उशाला असताना बेटंच कशाला पाहिजेत?" मी बाहेर आल्यावर तडकून विचारलं.

"बेटाभवती परवाळाचा कट्टा असतोय. लाट तिकडंच अडती," एवढंच बोलून ते भराभरा पुढं गेले.

उत्तर मला मिळालं ते आमच्या मागच्या कंपाउंडवरून. कपडे वाळत घालत होते, तर शेजारच्या परसात ही वाळू! अण्णांनी ट्रॉलीभर नदीची वाळू पसरली होती, पाइपनं पाणी मारून धुमसानं ती चोपत होते. आणि तिच्यावरून मालूआक्का, त्यांच्या बायको, चार पायांची काठी टेकत चालत होत्या. दोन वर्षांपूर्वी आक्कांची डावी बाजू लुळी पडली होती. आता पाय ओढत का होईना, घरात त्यांच्या त्या फिरायच्या.

"अजून वाईच पाणी मारा की," आक्का म्हणाल्या. "काठी घुसालीया."

मला बघून त्या हसल्या आणि कंपाउंडपाशी आल्या. म्हणाल्या, "आजारातनं उठल्यावर ह्यांनी मला समुद्र दाखवाय नेलतं. काठी वाळूत रुतली, पाय उचलंना. मग दोन पोरांना बोलावून ह्यांनी मला खुर्चीत बसवून उचलून पाण्यापाशी नेलं. सगळी दुनिया बघत हुती गं. मी पाण्याला पायसुद्धा लावला न्हाय. तवाच सांगितलं, समुद्रात जाईन तर माझ्या पायानं जाईन. न्हायतर समुद्राचं नाव काढायचं न्हाय."

मागं अण्णा खाली मान घालून वाळू चोपत होते. "नापास" म्हणून त्यांनी माझ्या हनीमूनचे फोटो परत दिले होते, त्याचा राग माझ्या मनात इतके दिवस होता. तो त्या क्षणी गेला.

त्यानंतर मीच फोटो गोळा करायला लागले. मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी अंदमानातल्या छोट्या बेटावरचा फोटो दाखवला. ओहोटीच्या ओल्या वाळूवरून एक माणूस खुशाल सायकल मारत चालला होता. मी तो फोटो घेऊन धावतच अण्णांकडं गेले. अण्णांनी फोटो मोठा केला. सायकलच्या चाकाची पुसट रेघ बघितली. बराच वेळ बघितली.

"मास्तरीणबाई," ते हळूच म्हणाले, "बेस हाय."

सुट्टीत आम्ही दोघं आणि अण्णा-आक्का असे चौघं त्या बेटावर गेलो. भरती-ओहोटीची वेळ अण्णांनी हॉटेलवाल्याला इतक्यांदा विचारली, की शेवटी तो त्यांना बघून आत पळायला लागला. किनाऱ्यावर अण्णा आधी एकटे गेले. टाच दाबत पाण्यापर्यंत आणि परत. मग म्हणाले, "चल."

"तुम्ही न्हाय," आक्का म्हणाल्या. "तुम्ही झाडांकडं तोंड करून बसा. तुम्ही बघालायसा म्हटलं की माझा पाय अडकतोय."

इतके दिवस ज्या घडीसाठी जगभरचे किनारे पारखले, ती घडी आली आणि हा माणूस मुकाट्यानं समुद्राकडं पाठ करून बसला. इस्त्रीची पँट, पायात बूट, समोर नारळाची झाडं.

"कुठवर गेली?" त्यांनी विचारलं.

"निम्म्यात आल्या, अण्णा."

"काठी रुतालीया काय?"

"नाही."

तेवढ्यात आक्का झुकल्या. मी "अगं बाई!" म्हणून उठलेच. अण्णांच्या दोन्ही मुठी वाळूत गच्च आवळल्या, पण मान वळली नाही. आक्कांनी काठी पुन्हा टेकली, जरा थांबल्या, लुळा पाय ओढून पुढं घेतला.

"अण्णा," मी म्हणाले आणि मला रडूच आलं, "पाणी लागलं. घोट्यापर्यंत आहेत पाण्यात."

तरी ते वळेनात. "तिला म्हणू दे," म्हणाले.

मग तिकडून आक्कांची हाक आली, गल्लीत ऐकू येते तशी खणखणीत. "अवो! झाडं काय बघत बसलायसा? या की हिकडं!"

अण्णा उठले ते बुटांसकट धावत सुटले. पँट गुडघ्यापर्यंत भिजली. आक्कांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, पण हात काही पुढं केला नाही. दोघं नुसतीच समुद्राकडं बघत होती. एक लहानशी लाट आली आणि बुटांत पाणी भरलेले अण्णा डगमगले.

आक्कांनी काठीवरचा चांगला हात पुढं करून त्यांचं मनगट धरलं.

"धरा मला," त्या म्हणाल्या. "पडशीला."