दहाचा पुडा

महागाई ही मुळात मनाची अवस्था आहे, हे सुसंस्कृत समाजात आता सर्वमान्य झालं आहे. वस्तू महाग होत नाहीत. माणसंच हल्ली पूर्वीसारखी समाधानी राहिलेली नाहीत. शहरातल्या एका बिस्किट कंपनीने हे तत्त्व नुसतं मानलं नाही, तर बावीस वर्षं आचरणात आणलं. तिच्या 'वजन सुसूत्रीकरण' विभागाचे प्रमुख म्हणजे कात्रीसाहेब. (हे नाव हाताखालच्या लोकांनी प्रेमाने ठेवलं होतं. तोंडावर कुणी घेत नसे, इतकं प्रेम.)

कंपनीच्या बिस्किटांचा पुडा बावीस वर्षांपूर्वी दहाला मिळत होता आणि आजही दहालाच मिळतो. या काळात बसचं तिकीट चौपट झालं, खोल्यांची भाडी सहापट झाली, न्हाव्याने दाढीचे दर वाढवून शिवाय मान दाबून देणं बंद केलं. पण दहाचा पुडा शब्दाला जागला. ज्याला किंमत वाढवायची असते त्याचं काम एका दिवसात उरकतं. ज्याला ती वाढवायची नसते त्याला दरवर्षी डोकं चालवावं लागतं, आणि कात्रीसाहेबांचं ते चालत असे.

सुरुवातीला पुड्यात सोळा बिस्किटं होती. सोळाची चौदा करताना साहेब जरा कचरले, पण पुड्यावर 'आता नव्या रूपात' असं छापलं आणि लोकांनी ते रूप हसतमुखाने विकत घेतलं. चौदाची बारा झाली तेव्हा 'अधिक कुरकुरीत' छापलं. त्याहून खाली उतरणं बरं दिसेना, म्हणून बिस्किट पातळ केलं ('पचायला हलकं'), कडा आत घेतल्या ('हातात छान बसतं') आणि मग भोकांचा विषय हाती घेतला. पूर्वी एका बिस्किटाला नऊ भोकं असत. साहेबांनी ती चोवीसवर नेली. भोकाला मैदा लागत नाही, साखर लागत नाही, ते भाजावंही लागत नाही. इतका किफायतशीर पदार्थ कंपनीने त्याआधी कधी विकला नव्हता.

तक्रारी येत, नाही असं नाही. सगळ्यांना एकच छापील उत्तर जाई: 'आपली भूक वाढली आहे. अभिनंदन.' विभागाच्या अभ्यासानुसार शंभरातल्या सत्त्याण्णव ग्राहकांना काहीतरी कमी झाल्याचं जाणवतं, पण ते दोष स्वतःला देतात. (उरलेले तिघं वजनकाटा विकत घेतात. काटे महागल्यापासून तेही मार्गावर येत आहेत.)

या सत्त्याण्णवांत साहेबांची आई होती.

घरात माणसं दोनच, साहेब आणि आई. चाळीस वर्षं घर तिने एकटीने चालवलं होतं. भाजीवाल्याने पारड्याला बोट लावलं तर तिला रस्त्यापलीकडून दिसे. साहेब दर पहिल्या तारखेला तिच्या हातावर घरखर्चाची रक्कम ठेवत. ही रक्कमही त्यांनी नऊ वर्षांत वाढवली नव्हती. तत्त्व म्हटलं की ते घरीदारी सारखंच हवं.

एके सकाळी चहाच्या कपात बघत आई म्हणाली, "अरे, बिस्किट बुडवलं की वर येतच नाही. पूर्वी अख्खं यायचं."

"बिस्किट तेच आहे, आई. तुझा हात थरथरतो."

आईने हात समोर धरून पाहिला. तो मुळीच थरथरत नव्हता. तरी तिने मुलाचं ऐकलं, कारण बिस्किटाच्या कंपनीतला माणूस बिस्किटाबद्दल खोटं कशाला बोलेल? साहेबांना खरं सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. पण आज बिस्किटाचं सांगितलं तर उद्या घरखर्चाचा विषय निघणार, हे त्यांच्यासारख्या अनुभवी अधिकाऱ्याला दिसत होतं. त्यांनी आईला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर फार सज्जन, फी कित्येक वर्षांत वाढवलेली नाही. पूर्वी ते त्या फीत नाडी, छाती आणि जीभ बघत. आता जीभ तेवढी बघतात. जीभ बघून त्यांनी हाताच्या गोळ्या दिल्या.

पुढे घरखर्च विसाव्या तारखेलाच संपू लागला. आई डबे पालथे घाली, गाद्या उचलून बघे, जुन्या पिशव्या झटके. पैसे सापडत नसत, कारण ते हरवलेलेच नव्हते. शेवटी एका संध्याकाळी तिने पैशाचा बटवा आणि कपाटाची किल्ली साहेबांपुढे ठेवली.

"माझं डोकं चालेनासं झालंय रे. कुठेतरी ठेवते नि विसरते. तू एवढे देतोस आणि मला पुरवता येत नाहीत. आता तूच बघ. मला माफ कर."

साहेबांना लाज वाटली. खरोखरची लाज, सोळा बिस्किटांच्या काळातली, पुऱ्या वजनाची. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. मग त्यांनी किल्ली उचलून खिशात टाकली आणि म्हणाले, "चालायचंच, आई. वय झालं."

पुढच्याच आठवड्यात वार्षिक बैठकीत साहेबांनी नाव न घेता हे उदाहरण मांडलं. घर चालवण्याचा चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या ग्राहकाने तक्रार तर केली नाहीच, उलट माफी मागितली. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. तक्रार खिडकी बंद करून तिथे माफी स्वीकारण्याची खिडकी उघडावी, असा ठराव एकमताने झाला. (वेळ दहा ते एक. गर्दी अपेक्षित आहे.) आई आता नुसता चहा पिते, तोही एक न थरथरणारा हात दुसऱ्या न थरथरणाऱ्या हाताने सावरत.

वाचकहो, गोष्ट जरा आखूड वाटली का? मासिकाची किंमत तर तीच आहे. पूर्वी याच किमतीत साहेबांना एक बायको होती, दोन मुलं होती आणि शेवटी पश्चात्तापाचं एक अख्खं पान होतं. तरीही काही कमी झाल्यासारखं वाटलंच, तर संपादकांना त्रास देऊ नका. वाचनात हल्ली तुमचंच लक्ष लागत नाही.