मेलबर्नला दिलेला पाट

पेणजवळच्या जोहे गावात गणपतीच्या कारखान्यात आपला पाट आधी नेऊन दिला, की मूर्ती आपली झाली. मागाहून आमदार आले तरी त्यांना दुसरी बघावी लागते. गुणाजीच्या कारखान्याचा सगळा कारभार या एका कलमावर चालतो आणि आजवर कोणी कोर्टात गेलेलं नाही.

गुणाजीचा मुलगा प्रविण मुंबईत कॉम्प्युटरमध्ये पीएच.डी. झाला. एवढं शिकल्यावर आणखी दोनेक वर्षं संशोधन करायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, अशा पोस्टडॉक नावाच्या नोकऱ्या ऑस्ट्रेलियात असतात. मेलबर्नच्या एका विद्यापीठात तशी जागा निघाली. सत्त्याण्णव साल होतं. पेणच्या ज्या एका क्लासात इंटरनेट होतं, तिथून प्रविणने अर्ज पाठवला. नाहीच जमलं तर धाटावच्या एका कंपनीत पगाराच्या स्लिपा छापायचं काम होतं, आणि त्या विचाराने त्याला जेवण जात नव्हतं.

"पाट दिलास काय?" गुणाजीने विचारलं.

"बाबा, तिथं पाट नसतो. गुणवत्ता बघतात."

"बघूदे की. पन जागा आपली हाय, ह्या त्यांना कलनार कसा?"

पीएच.डी.त हे शिकवलेलं नव्हतं. गुणाजीने पाटावर मुलाचं नाव रंगवलं, वर सुपारी ठेवली आणि रोह्याच्या मन्सूरशेठच्या हवाली केला. मन्सूरचा भाचा अर्शद बोटीवर कामाला होता आणि बोट मेलबर्नला निघाली होती.

मेलबर्नच्या बंदरात परदेशी लाकूड म्हणून पाट अडकला. सुपारी हे बी असल्याने तो स्वतंत्र गुन्हा. अर्शदने खरं काय ते सांगून टाकलं. बंदराने विद्यापीठाला विचारलं, विद्यापीठाने ज्यांच्या हाताखाली ती जागा होती त्या प्रोफेसरबाईंना, बाईंनी प्रविणला: सदर वस्तू ही भेट आहे काय? असल्यास लाच समजून अर्ज बाद करण्यात येईल.

प्रविण सरळ मुलगा. त्याने कळवलं, भेट नव्हे. पाट परत घ्यायचा असतो, फक्त ठरलेली वस्तू त्यावर बसवून.

विद्यापीठाला हे फार आवडलं. परक्या रीतीभातींची कदर करायची, असं त्यांचं त्या वर्षीचं धोरण होतं. समिती बसली. पाट ही लाच नसून 'उमेदवाराच्या इच्छेचा टिकाऊ पुरावा' आहे, असं ठरलं. इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटरच्या प्रत्येक अर्जासोबत पाट सक्तीचा झाला: कीडमुक्त, ठरावीक मापाचा, सुपारीविरहित.

प्रविणचा अर्ज मात्र नामंजूर झाला. त्याचा पाट नियम होण्यापूर्वी आला होता, सबब बेकायदेशीर होता.

निरोप कळला तेव्हा गुणाजीने शाडूतून हात काढले. "माजाच चुकला," तो म्हणाला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

"नाय बाबा," प्रविण म्हणाला, "पाट बरोबर व्हता. फकत लवकर गेला." आणि तो धाटावच्या बसला निघाला.

आता गुणाजी मूर्ती कमी आणि पाट जास्त करतो. पुण्या-मुंबईचे हुशार उमेदवार गाड्या करून येतात. आमचा विश्वास गुणवत्तेवरच आहे, म्हणतात, पण असू द्यावा एक.

तुम्हाला हसू येतंय. परवा मी कारखान्यात डोकावलो, तर वाळत ठेवलेल्या पाटांत एकावर तुमच्या मुलीचं नाव दिसलं. ती अजून पाचवीतच आहे ना? गुणाजीला विचारलं, हा कोणी सांगितलाय?

"गिऱ्हाइकाचा नाव आम्ही नाय सांगत," तो ब्रश धूत म्हणाला. "पन लय घाईत व्हते."