शून्य एकवीस तीस

आमचे शेजारी दामूअण्णा माणसाला नावानं हाक मारत नाहीत, एसटीडी कोडानं मारतात. माझी बायको साताऱ्याची, म्हणून ती 'शून्य एकवीस बासष्ट'. वाईची मावशी दारात दिसली की अण्णा ओट्यावरून ओरडणार, "आली का शून्य एकवीस सदुसष्ट!" टेलिफोन खात्यात लाइनमन होते. नसरापूरपासून भाटघरपर्यंतचे खांब चढून झालेत. "मास्तर, मानूस नाव इसरंल, कोड न्हाई इसरत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बायकोचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही आमच्याकडच्या जुन्या माणसांची रीत. अण्णांच्या बायकोचं, म्हणजे काकींचं, माहेर वेल्हे. त्यामुळं रोज सकाळी भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "ए शून्य एकवीस तीस, च्या टाक!" काकी आतून म्हणायच्या, "फोन लागत न्हाई!" आणि चहा घेऊन यायच्या. काकी गेल्या त्याला दोन वर्षं झाली. हाक मात्र चालूच होती, आता फोटोला.

मी भोरच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. घराघरातले फोन निघून गेल्यावर मला एसटीडी कोड शोधायचा प्रोग्रॅम करायची बुद्धी झाली. गावाचं नाव टाका, कोड बघा. खाली 'संकल्पना, निर्मिती व दिग्दर्शन' म्हणून माझंच नाव. ओळखीपाळखीच्या सगळ्यांना तो मोबाईलवर पाठवला. मुख्याध्यापकांनी नुसते हात जोडले. मेहुण्यानं विचारलं, यात क्रिकेटचा स्कोअर दिसतो का? अण्णा म्हणाले, "म्हशीला शिंगं हायत, ह्ये सांगाया मशिन कशाला?"

म्हणून एके दिवशी अण्णाच मोबाईल पुढं करून म्हणाले, "टाका त्यो प्रोग्राम," तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खुद्द टेलिफोन खातं शरण आलं होतं!

आठवड्यानं ते परत आले. "मास्तर, लई बोगस हाय तुमचा प्रोग्राम."

मला राग आला. "अण्णा, मशिन चुकत नाही, माणूस चुकतो," असं सुनावत मी मोबाईल घेतला. आधी शोधलेल्या गावांची यादी समोर आली. येल्हं. येल्हं. येल्हं. आणि प्रत्येकापुढं मी मोठ्या हौसेनं लिहिलेलं वाक्य : 'क्षमस्व! असे गाव अस्तित्वात नाही.'

मी शुद्ध मराठीत 'वेल्हे' लिहून मोकळा झालो होतो. सगळं खोरं येल्हं म्हणतं, मी स्वतः म्हणतो, पण ते प्रोग्रॅममध्ये घालायचं मला सुचलं नव्हतं.

"पण अण्णा, हा कोड तर तुम्ही रोज..."

अण्णा चपलेच्या अंगठ्याकडं बघत होते. "सकाळी फोटोला हाक माराया गेलो, तर तोंडात येईचना. आठ दिस झालं. कुनाला इचारू? आन नाव तर म्या कदी घेतलंच न्हाई, मास्तर. आता कशानं हाक मारू?"

मला स्वतःची लाज वाटली. 'येल्हं' घालायला दोन मिनिटं लागली. 'अस्तित्वात नाही' तेवढ्यातच खोडलं, आणि दिग्दर्शकाचं नावही. अण्णांनी पुन्हा गाव टाकलं. आकडे आले. त्यांवरून बोट फिरवत त्यांनी ते दोनदा वाचले आणि घरी गेले.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज आला.

"ए शून्य एकवीस तीस! लागला बग फोन."