स्वप्ननगरीची नवी गाडी

"ताडपत्री उतरायच्या आत नवा प्रायोजक कोण ते सांगितलं नाही, तर नाव बदलून टाकीन!" त्रिकालज्ञानं राइडवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठोकून दिलं. आता त्रिकालज्ञ हे काही त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे, त्यामुळे बदलायला काही अडचण नव्हती. पण आव असा, की जणू सात पिढ्यांची अब्रू पणाला लागली आहे!

पोटासाठी तो विम्याच्या कचेरीत कारकुनी करायचा. जीव मात्र अडकलेला शहराबाहेरच्या करमणूक बागेत, 'स्वप्ननगरी' नावाच्या राइडमध्ये. खाटेसारख्या गाडीत आडवं पडायचं आणि अंधाऱ्या बोगद्यातून, ढगांमधून, घोरणाऱ्या राक्षसाच्या उशाशी जाऊन बाहेर यायचं. वर्षानुवर्षं एक गादीवाली कंपनी तिचा खर्च उचलत होती, म्हणून त्या खाटा. मग कंपनीनं हात काढून घेतला, राइडवर ताडपत्री पडली, आणि त्रिकालज्ञाचं अन्नावरचं लक्ष उडालं. कोण येणार? खाटा राहणार की जाणार? राक्षसाचं काय? बसला तर उठायचा, उठला तर फोन बघायचा!

गंमत अशी, की सगळी उत्तरं त्याच्याच घरात होती. बागेच्या रंगशाळेत, म्हणजे देखावे रंगवायच्या शेडमध्ये, त्याची बायकोच कामाला होती. स्वप्ननगरीतला एकूण एक ढग तिच्या हातचा. पण नव्या रूपाबद्दल बाहेर चकार शब्द काढणार नाही, असं तिनं लिहून दिलेलं.

"नुसतं एवढंच सांग, सरबतवाले की बिस्किटवाले?"

"भाजी चिरून द्या."

"म्हणजे खाण्यापिण्यातलंच काहीतरी!"

"अहो, म्हणजे भाजी चिरून द्या!"

एकदा तिच्या कोपरावर पिवळा डाग दिसला. ग्रुपवर दिवसभर खल झाला. लोणीवाले की लिंबूवाले? शेवटी तो भाजीचा रस्सा निघाला.

त्या आठवड्यात सासूबाई गुडघ्याचं ऑपरेशन करून लेकीकडे राहायला आल्या होत्या. संध्याकाळी त्रिकालज्ञ घरी आला तर त्या आत झोपलेल्या, बायको औषधं आणायला गेलेली, आणि गॅलरीत जुन्या चादरीखाली काहीतरी उभं! त्यानं चादर उचलली. पांढरीशुभ्र फायबरची खुर्ची. उंच पाठ, भक्कम हात, पाठीवर बायकोच्या हातचे गोलसर कडांचे ढग, आणि बसायच्या जागी मधोमध भलंमोठं भोक!

जिना वाजायच्या आत त्यानं फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "खात्रीलायक सूत्रांकडून. जास्त विचारू नका!"

मग काय विचारता! "खाटा गेल्या, सिंहासनं आली!" "पण भोक कशाला?" एक जण म्हणाला, "वारा येणार खालून! ढगातून पडल्यासारखं वाटायला." दुसरा म्हणाला, "छे! सुगंध सोडणार. प्रायोजक अत्तरवाले!" दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो फोटो गावभर झाला. त्रिकालज्ञ कचेरीत असा चालत होता, की साहेबच त्याला बघून उठून उभे राहतील!

इतक्यात बायकोचा फोन आला. आवाज रडवेला.

"अहो, नव्या गाडीचं गुपित बाहेर फोडलं म्हणून मला मोठ्या साहेबांनी बोलावलंय. नमुना अजून त्यांनीही पाहिलेला नाही, पण फोटोतले ढग माझ्या हातचे, म्हणजे हीच गाडी म्हणतात. नोकरी जाणार माझी!"

त्रिकालज्ञाच्या पायांखालची जमीन सरकली. तो धावतपळत बागेत पोचला. साहेबांच्या खोलीत बायको टेबलाशी उभी होती. फोटो आता तिनं पाहिला होता.

"साहेब, ही गाडी नाही हो! माझ्या आईची कमोडची खुर्ची आहे. तिला खाली बसता येत नाही, म्हणून टाकाऊ फायबरमधून मी केली. तुम्हाला विचारूनच नेलं होतं ते फायबर!"

"कमोडवर ढग कोण काढतं, बाई?"

"आईला बरं वाटावं म्हणून काढले!"

त्रिकालज्ञ पुढे झाला. "फोटो मी टाकला, साहेब. हिला काही माहीत नाही. हिची नोकरी घेऊ नका."

"तुम्ही नवरा. तुम्ही तिचीच बाजू घेणार! आत्ता प्रायोजक येताहेत. त्यांना ती खुर्चीच आणून दाखवा, नाहीतर बाईंचा हिशेब करतो."

बायकोनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. तसलं पाहणं शत्रूच्याही वाट्याला येऊ नये!

टॅक्सी करून तो घरी गेला, खुर्ची उचलली आणि निघाला.

"जावईबापू, ती कुठं नेताय?" आतून सासूबाई ओरडल्या.

"आलोच, आई!"

बागेच्या फाटकाशी टॅक्सी अडली, कारण फोटो बघून तिथं अख्खा ग्रुप जमला होता. खुर्ची डोक्यावर घेऊन तो उतरला मात्र, एकच गलका! "आली! गाडी आली!" त्यांनी ती खाली उतरवून घेतली. एक आजोबा टेकले आणि म्हणाले, "वा, काय ऐसपैस!" एकानं तर गुडघे टेकून भोकात तोंड घातलं.

"सुगंध येतोय का रे?"

"येतोय! पण... फिनेलचा!"

"फिनेलवाले! प्रायोजक फिनेलवाले!" बातमी निघाली.

"अरे, ती कमोडची खुर्ची आहे!" त्रिकालज्ञ जीव तोडून ओरडला.

"दाबताय तुम्ही बातमी! विकले गेलात!" ग्रुपनं त्यालाच झापलं.

हा सगळा गोंधळ साहेबांच्या खोलीच्या खिडकीतून एक बाई बघत होत्या. प्रायोजक त्याच. पंख्यांच्या कंपनीच्या! खुर्ची वर आली. साहेबांनी भोकाखाली सरकवलेलं भांडं ओढून पाहिलं आणि चटकन हात पुसले. बायकोची नोकरी वाचली. पण त्या बाई खुर्चीभोवती फिरतच होत्या.

"खालून वारा येणार, असं लोक म्हणताहेत ना? हे आम्हाला कसं सुचलं नाही! भांडं काढा, बाकी अश्शीच ठेवा. सगळ्या गाड्या या बाईच करतील. आणि हा नमुना कडीकुलपात!"

खुर्ची रंगशाळेत गेली, कुलूप लागलं, किल्ली घेऊन त्या बाई निघूनही गेल्या. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्रिकालज्ञ लिहायला फोन काढतो, तोच तो वाजला.

"जावईबापू, कुठं आहात?"

"आई, आनंदाची बातमी आहे! पोचतोच. तोवर जरा बसून घ्या."

"बसू कशावर?" सासूबाई किंचाळल्या. "केव्हाची उभी आहे मी!"