ठकूआजीचं बावीस गुणी यंत्र

एका जंगलात नेटवर्क होतं. बाकी सगळं जंगलासारखंच होतं.

तर मुलांनो, आधी हातातला मोबाइल खाली ठेवा. ठेवलात? शाबास.

त्या जंगलात ठकूआजी नावाची म्हातारी अस्वलीण राहायची. तिच्याकडे एका नावाडणीची कादंबरी होती. नदीला पूर, होडीत सात माणसं, वल्हं मोडलेलं, आणि तिथून पुढची पानं वाळवीनं फस्त केलेली. नावाडीण काठाला लागली की बुडाली? चाळीस वर्षं आजीला हाच एक घोर होता. त्यात आता डोळे अधू झाले. "दिवाळीपर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही," असं वैद्य सारसानं बजावलं होतं.

अशात माकडाच्या दुकानात पुस्तकं वाचायची दोन यंत्रं आली. दोन्हींत अक्षर हवं तेवढं मोठं करता यायचं. आजीला तर आनंदानं रडूच फुटलं.

एक यंत्र होतं मळकट नि जाडजूड. "यात आपल्या जंगलाच्या भाषेतली पुस्तकं आहेत," माकड म्हणालं. "तुमची नावाडीणसुद्धा आहे. पण आजी, चार जणांत हे काढायची लाज वाटेल हो! त्यापेक्षा हे बघा." आणि त्यानं दुसरं काढलं. ते इतकं चकाचक होतं, की आजीनं आधी त्यात स्वतःचं नाक पाहिलं.

निवड करून द्यायला घुबडपंत आले. पंत जंगल वाचक मंडळाचे अध्यक्ष. सहा वर्षांत त्यांनी एकही पुस्तक वाचलं नव्हतं, कारण ते कशावर वाचावं याचा त्यांचा अभ्यास चालू होता. त्यांनी सागाच्या पानावर बावीस रकान्यांचा तक्ता आखला.

"पाण्यात पडलं तर चालतं. मोठाच गुण!" पंत म्हणाले. आजीनं मागची आंघोळ कधी केली होती ते तिलाही आठवत नव्हतं.

"आतून उजेड पडतो. दहा हजार पुस्तकं मावतात."

"पंत, मला एकच पाहिजे."

"त्याला रकाना नाही," पंत म्हणाले. "अहो आजी, पुस्तकं काय, येतील मागाहून. आधी यंत्र नीट पारखून घ्यावं."

चकाचक यंत्र बावीस विरुद्ध शून्यानं जिंकलं. आजीनं वर्षभराचा मध देऊन ते घरी आणलं. मळकट यंत्र धोंडू गाढवानं घेतलं. का घेतलंस, असं पंतांनी विचारलं, तर म्हणालं, "यात गोष्टी आहेत म्हणून." सगळं जंगल खो खो हसलं. गाढव ते गाढवच!

आजीनं गुहेत बसून कादंबरीचं नाव घातलं. यंत्र म्हणालं, 'सापडले नाही.' आजीनं अक्षराचं वळण बदललं. मग सुंदर वळणात 'सापडले नाही' आलं. आत पुस्तकं होती, पण सगळी बर्फाच्या मुलखातल्या पेंग्विनांच्या भाषेतली. दसरा उलटला, दिवाळीही आली. आता मोठं अक्षरही आजीला दिसेनासं झालं. ती हुंदके देऊन रडली. खरं सांगू? मला त्या पंतांचा फार राग येतो. पण गोष्ट सांगणाऱ्यानं रागवायचं नसतं.

शेवटी आजीनं धोंडूला हाक मारली. "धोंडोबा, एवढा शेवट वाचून दाखव रे बाबा."

"दाखवतो की. पण तुझ्या गुहेत अंधार नि माझ्या यंत्राला उजेड नाही. बाहेर उन्हात बसू या का?"

"उन्हानं डोळे झोंबतात रे. थांब, उजेड माझ्याकडे आहे!"

आजीनं आपलं चकाचक यंत्र पेटवून डोक्यावर धरलं. त्या उजेडात धोंडू मळकट यंत्रावरून वाचू लागला. दर पूर्णविरामाला तो जरासा ओरडायचा, पण आजीची तक्रार नव्हती. होडी फुटली. नावाडणीनं पाण्यात उडी घेतली. एकेक करत तिनं सातही माणसं ओढून काढली आणि स्वतःही काठाला लागली.

"वाटलंच होतं मला!" आजी ओरडली. "मेलीला पोहता येत असणार!" आणि चाळीस वर्षांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी पंत चौकशीला आले. "कसं आहे यंत्र?"

"झकास! कादंबरी पुरी झाली."

पंतांनी सागाच्या पानावर 'ग्राहक समाधानी' असं लिहिलं आणि आणखी अकरा जणांना तेच यंत्र घ्यायला लावलं. हल्ली धोंडूला चरायलाही फुरसत नसते.

तात्पर्य: यंत्र घेताना त्याचे बावीस गुण जरूर पारखावेत. फक्त शेजारी एखादं गाढव राहतं ना, एवढं आधी पाहून घ्यावं.