ठोंबरेनानांची गोलाई

मळवलीत आमच्या घराला लागून ठोंबरेनानांची पत्र्याची शेड आहे. तिथून आधी शिट्टी ऐकू येते, मग हिरवा झेंडा हलतो, आणि त्यानंतरच लाकडाला गोलाई मारायचं मशीन सुरू होतं. झेंड्याला कुणीतरी हात वर करून उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं नाही तर नाना शांतपणे स्टुलावर बसून राहतात. पाहुणे आले की मी त्यांना हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पासष्टीचा एक गृहस्थ जाड चष्मा लावून, कानांवर करवंट्यांसारखं काहीतरी चढवून आपल्याला झेंडा का दाखवतोय, हे बिचाऱ्यांना कळत नाही.

नाना मालगाडीचे गार्ड होते. घाट उतरायचा, घाट चढायचा, यात सगळा जन्म शेवटच्या डब्यात गेला. "आता म्हणं गार्डाला म्यानेजर म्हनत्यात," ते सांगतात. "झेंडा त्योच, शिट्टी तीच. उगं माणूस कोड्यात."

निवृत्त झाल्यावर लोक देवळाच्या कमिटीत जातात. नानांनी राऊटर आणला. राऊटर म्हणजे मिक्सरसारखं गरगर फिरणारं मशीन, टोकाला धारदार बिट. नानांनी ते एका टेबलाखाली उलटं टांगलंय. टेबलाच्या भोकातून फक्त बिट डोकं वर काढतं, बिळातून मुंगसानं बघावं तसं. त्याला टेकवून लाकूड सरकवलं की कड गोल होते, नाहीतर खाच पडते.

मला स्वयंपाकघरासाठी एक फडताळ हवं होतं. तेवढ्यासाठी मी पहिल्यांदा शेडमध्ये गेलो.

"बाह्या," नाना म्हणाले.

"काय?"

"बाह्या वर घ्या, सर. आंगठी काढा. आन् ती मफलर घरी ठिवून या. मशीनला मफलर लय आवडती. मफलर घेती, मग गळा मागती."

"नाना, मी फक्त बघायला आलोय."

"घाटात बघायला आल्यालंच पडत्यात."

मी मफलर ठेवून आलो. मग शिकवणी सुरू झाली. मी शाळेत शिकवतो, पण इतक्या गंभीरपणे मी कधी कुणाला काही शिकवलेलं नाही. बिट बदलायचं तर आधी विजेची पिन काढायची, आणि काढलेली पिन टेबलावर अशी ठेवायची की ती सतत डोळ्यांसमोर दिसली पाहिजे. बिट तळापर्यंत घालायचं आणि नखभर मागं घेऊन मगच आवळायचं. लाकूड हातानं नाही, ढकल्यानं सरकवायचं. ढकल्या म्हणजे नानांनी स्वतः केलेला मुठीचा ठोकळा. आणि एका झटक्यात खोल कापायचं नाही. "घाट एका दमात चढत न्हाईत. थोडं कापा, दम घ्या, परत थोडं कापा."

पण सगळ्यात मोठा नियम दिशेचा. "उजवीकडनं डावीकडं. बिट तुमच्या अंगावर येतंय, तुमी त्याच्या अंगावर जायाचं. त्याच्या संगट गेला, की त्यानं पळवलंच लाकूड. आन् उजव्या अंगाला कुनी हुबं ऱ्हायचं न्हाई. ती लाईन मोकळी पायजे."

एवढं झाल्यावर शिट्टी वाजली. मी हात वर केला. मशीन घूंऽऽ करून फिरलं आणि सागाची फळी लोण्यासारखी सरकली. मला एकदम खूप काहीतरी केल्यासारखं वाटलं. मी फक्त हात वर केला होता.

फडताळ आलं, ते कुठूनही हात फिरवला तरी गुळगुळीत. आमच्या सौभाग्यवतींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "हे फडताळ आहे की वापरलेली साबणवडी?"

त्यांचं चुकलं नव्हतं. नानांना कोपरा सहन होत नसे. पूजेला बोलावलं तर तीर्थ घेता घेता त्यांची नजर टीपॉयवर जायची. "ह्यो कोपरा कुणाला तरी खानार," असं म्हणून ते मान हलवत. दुसऱ्या दिवशी टीपॉय शेडमध्ये. पाट गेले, चौरंग गेला, समोरच्या किराणा दुकानाची फळी गेली. पोळपाटाचं मात्र नानांना फार कौतुक. "ज्यानं काढला त्याला अक्कल व्हती," म्हणायचे.

नानांची बायको, म्हणजे हौसाकाकू, या सगळ्याला वैतागलेली. तिच्या स्वतःच्या घरात तर एकही कड शिल्लक नव्हती. दाराच्या चौकटी, खाटेचे पाय, देव्हारा, सगळं गोल. मग नानांनी नवीनच काढलं. भिंतींवर कमरेच्या उंचीला सागाची पट्टी ठोकायला घेतली. बैठकीतून निघाली, माजघरातून वळली. स्वयंपाकघराकडं जाणाऱ्या पट्टीवर एक खाच, न्हाणीकडं जाणारीवर दोन.

"घरात रूळ टाकायचं काम काढलंय गार्डसायबांनी," काकू मला कुंपणावरून म्हणाल्या. "उद्या न्हाणीत टेसन करतील."

"नक्षी हाय," नाना म्हणाले. "शोभा येती."

"मग एक खाच आणि दोन खाचा कशाला?" मी विचारलं.

"अप लाईन, डाऊन लाईन," नाना म्हणाले आणि तातडीनं शेडमध्ये गेले.

मग तो रविवार आला. मी अंगणात दात घासत होतो. शेडमधून मशीनचा आवाज येत होता. शिट्टी ऐकल्याचं काही मला आठवेना. एवढ्यात आवाज एकदम बदलला, खाड्दिशी काहीतरी झालं आणि माझ्या कानाजवळून वारा गेला. वळून बघतो तर आमच्या पपईच्या बुंध्यात सागाची हातभर पट्टी भाल्यासारखी घुसून थरथरत होती.

शेडच्या दारात नाना उभे. चेहरा पांढराफटक. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पपईकडं पाहिलं, परत माझ्याकडं पाहिलं.

"लागलं का, सर?"

"नाही."

"कुटंच न्हाई?"

"नाही, नाना. पपईला लागलंय."

त्यांनी दोन्ही हात पुढं धरून बोटं हलवून बघितली. मग आत गेले, पिन काढली आणि शेडला कुलूप घालून किल्ली आणून माझ्या हातात दिली. "मी सस्पेंड," म्हणाले. "चौकशी व्हईपर्यंत. चौकशी तुमी करायची."

मला वाटलं, धक्का ओसरला की किल्ली मागायला येतील. पण नाना आलेच नाहीत. घराच्या पायरीवर पाहुण्यासारखे बसून राहायचे. मशीनच्या आवाजानं इतके दिवस कटकट व्हायची, आता गल्ली सुनी वाटू लागली. शेवटी मीच चहाचे दोन कप घेऊन पायरीवर गेलो.

"चौकशीला सुरुवात करू या," मी म्हणालो.

नाना उभे राहिले. मी बसा म्हणालो तरी बसले नाहीत.

"शिट्टी दिली होती?"

"न्हाई."

"झेंडा?"

"न्हाई. कुनीच उठलं नव्हतं. म्या वाट बगितली न्हाई."

"आणि पट्टी उडाली कशी?"

"एक हात मारला उजवीकडनं डावीकडं. परत उजवीकडं चालत यायचा कंटाळा केला. तशीच उलटी सरकावली. अप लाईनीवर डाऊन गाडी घातली म्या, सर. उभ्या जन्मात केलं नव्हतं."

"एवढी घाई कशाची होती?"

माझा चहा संपला, त्यांचा गार झाला. त्यांनी दाराकडं बघितलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग ते खाली वाकून हळूच म्हणाले, "हौसाला दिसंना झालंय."

नानांना बायकोचं नाव घेताना मी प्रथमच ऐकलं. एरवी 'अगं' आणि 'आमची मंडळी' यावर भागायचं.

"काचबिंदू," ते म्हणाले. "तळेगावच्या डाक्टरनी सांगितलं, गेलेली नजर येत न्हाई, हाय ती टिकवायची. समोरचं दिसतंय तिला, कडंचं न्हाई. नळीतनं बगावं तसं. कुनाला सांगायचं न्हाई, अशी तिची ताकीद हाय. मलाबी त्या दिवसापासनं बोलू देत न्हाई. मला काय झालंय, म्हनती. शनिवारी मागच्या पायरीवरनं पडली. म्हनली, पाय मुरगळला. मला वाटलं, मागच्या दारापातुर पट्टी आजच झाली पायजे. तिला धराया काय तरी पायजे, सर. पर धराया दिलंय, असं वाटाया नगं."

मी किल्ली खिशातून काढून त्यांच्या हातात ठेवली. "चौकशी संपली. निर्दोष," मी म्हणालो.

"निर्दोष कसा? पपई?"

"मग ताकीद देऊन सोडला."

हे त्यांना पटलं. त्यांनी शिस्तीत सलाम केला आणि गार चहा एका घोटात प्यायले.

उरलेली पट्टी आम्ही दोघांनी मिळून केली. शिट्टी, झेंडा, हात वर, सगळं यथासांग. मागच्या दारानं बाहेर पडून पट्टी धुण्याच्या दगडापर्यंत गेली. तिला खाच नाही, नुसती गोलाई. काकूंनी येऊन पाहणी केली आणि म्हणाल्या, "आता एवढी नक्षी केलीच हाय, तर पुढं लोणावळ्यापातुर न्या."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी नानांना गणपतीच्या मखराचं विचारायला गेलो. दार उघडंच होतं. हाक मारणार, तोच थांबलो. नाना माजघरातून येत होते. अनवाणी, डोळे गच्च मिटलेले, डावा हात पट्टीवर. एकेक पाऊल चाचपत टाकत होते. एका ठिकाणी थांबले. अंगठा तिथंच पुन्हापुन्हा फिरवला. खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला, डोळे न उघडताच तेवढी जागा घासली, फुंकर मारली आणि पुढं निघाले.

बैठकीतल्या खाटेवर काकू दाराकडं तोंड करून निजलेल्या होत्या. म्हणजे मला तसं वाटलं. त्यांचे डोळे उघडे होते. समोर उंबऱ्यात मी त्यांना नीट दिसत असणार. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला जवळ यायची खूण केली. नाना वळून न्हाणीच्या बाजूला गेले, तसा मी वाकलो.

"रोज दुपारी चालतंय हे," काकू कुजबुजल्या. "मी झोपले की फिरत्यात. कुटं हाताला कुसळ लागतंय का बघत्यात."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत आहे?"

"आंधळी व्हायलीय व्हय मी?" म्हणाल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. पदर तोंडावर धरून हसल्या.

"मग सांगा की त्यांना."

"नगं. सांगितलं की बसतील तोंड पाडून." त्यांनी पदर सारखा केला. "सर, लगीन झाल्यापासनं हा मानूस सारखा डुटीवर. दिवाळीला न्हाई, पोरीच्या बाळंतपनाला न्हाई. आता कुटं दिवसभर घरात दिसाया लागलाय. बगू द्या की मला, दिसतंय तवर."

एवढ्यात नाना परत आले. डोळे मिटलेलेच. पट्टीचा वळसा संपला आणि त्यांचा गुडघा खाटेच्या पायावर धाडकन आपटला. लागलं नसावं. पाय गोल होता. तरी त्यांनी दचकून डोळे उघडले आणि आधी काकूंकडं पाहिलं.

काकूंनी त्याच्या आत डोळे मिटून घेतले होते, आणि बारीक घोरतही होत्या.