बरणीतलं भूत आणि माझं मौन

माझ्या मनात काय चाललंय हे माझ्या चेहऱ्यावरून आजवर कुणाला कळलेलं नाही. याचा मला, देव क्षमा करो, थोडा गर्वच होता!

माझे रोजचे नेम तीन. खोटं बोलायचं नाही. कुणाचं मन दुखेल असं बोलायचं नाही. आणि दिवस मावळला की तासभर मौन. पहिले दोन एकेकटे अगदी गुणी. एकत्र आले की एकमेकांच्या झिंज्या उपटतात! म्हणून तर तिसरा धरला. तोंडच उघडायचं नाही म्हटल्यावर खोटंही नाही आणि टोचणंही नाही.

मी ज्या दातांच्या दवाखान्यात नंबर लावायला बसते, तिथल्या सगळ्यांनी मिळून सिनेमाला जायचं ठरवलं, तेव्हा मी हाच विचार केला.

"ताई, पोट धरून हसाल!" आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या आधीच एकदा बघून आल्या होत्या.

"आणि घाबराल पण!" हे कवळीवाले काका. ते आमच्याकडच्या कवळ्या बनवतात आणि बोलतात असे, की साच्यातले दातही कडकड वाजावेत. "अहो बाई, भुताची कवळी हरवते! भूत कवळी शोधत फिरतं! आपल्या धंद्यावरचा सिनेमा हा!"

मला भुतंही आवडत नाहीत आणि आरडाओरडाही. पण खेळ संध्याकाळचा होता. मध्यंतर बरोबर माझ्या मौनात येणार. कुणी 'कसा वाटला' विचारलं की हात जोडायचे, संपलं!

तर, सिनेमा. नुसतं 'आवडला नाही' एवढंच म्हटलं तर ते खोट्यातच जमा होईल. मला संताप आला. त्यातलं भूत म्हणजे एक म्हातारी. मुलाच्या घराचं दार वाजवते. मुलगा, सून, नातवंडं किंचाळत पलंगाखाली. थेटर लोळतंय! म्हातारी बोळक्या तोंडानं काहीतरी पुटपुटते, पुन्हा दार वाजवते. मुलगा दाराला कपाट लावतो. थेटर पुन्हा लोळतंय! काका तर असे हसत होते, की आमची सगळी रांग होडीसारखी डुलत होती. मला वाटत होतं, अरे, उठा कुणीतरी! दार उघडा. बस म्हणावं, पाणी हवं का विचारावं. कपाटावर पडलेली ती कवळी द्या ना तिच्या हातात!

माझाही एक मुलगा आहे. दूरच्या शहरात, मोठ्या हुद्द्यावर. आठवण आली की फोन करतो. पण आठवण यायला आधी कामातून सवड मिळावी लागते. त्याची खोली मी रोज झाडते. तिथे केर नसतो, तरी झाडते. तो शाळेत होता तेव्हा माझ्या मौनाच्या तासाला दार लावून अभ्यासाला बसायचा. हाक तर मारता येत नसे. मग ताट वाढलं की मी दार वाजवायचे. दोनदा, आणि जरा थांबून एकदा. म्हणजे, 'ये, वाढलंय.' आता त्या दारावर टकटक करायला कारण उरलं नाही. हाताला मात्र ते कळलेलं नाही. पुढचा पेशंट आलाय हे सांगायला डॉक्टरांचं दार मी अजून तसंच वाजवते.

असो. मध्यंतराला मी डोळे पुसत बाहेर आले, तो समोर कॅमेरा घेऊन सिनेमावाल्यांचा एक पोरगा!

"मावशी, कसा वाटला सिनेमा?"

मी हात जोडले. तोंडाकडे बोट केलं, मान हलवली.

"बोलवत नाहीये? एवढ्या घाबरलात?"

नाही, अशी मान हलवली.

"मग डोळ्यांत पाणी कसलं? हसून हसून?"

नाही!

"म्हणजे दोन्ही!" तो पोरगा हर्षानं ओरडला. "ऐका हो, मावशींची वाचाच बसली!"

पुढचा अर्धा सिनेमा मी डोळे मिटून नामस्मरण केलं. अधूनमधून उघडले, पण नको तिथेच. शेवटी मांत्रिक म्हातारीला काचेच्या बरणीत कोंडतो, झाकण घट्ट फिरवतो, आणि टाळ्या!

आठवडाभरातच चौकात फलक लागला. त्यावर मी! पाण्याच्या टाकीएवढा चेहरा, उघडं तोंड, गालावर ओघळ, आणि खाली अक्षरं: 'हसून रडाल! भिऊन मुके व्हाल!' गल्लीतली पोरं मला 'भूतमावशी' म्हणू लागली. फळवाली म्हणाली, "एवढ्या शांत बाईला वेड लावलं, म्हणजे बघायलाच हवा!" आणि तिकिटाला धावली. माझ्यामुळे! त्या सिनेमाला!

डॉक्टरबाईंची चिंता वेगळीच.

"ताई, फलकावर तुमचा पुढचा दात वाकडा दिसतोय. दवाखान्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. बसा खुर्चीत!"

खुर्चीत मी ठरवलं, आज सांगून टाकायचं. पण तोंडात आरसा, नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं. माझं सत्य 'आ' आणि 'ऊ' होऊनच बाहेर पडलं.

"हो ना! मला पण तोच भाग जास्त आवडला," डॉक्टर म्हणाल्या.

थेटरचे मॅनेजर आमंत्रण घेऊन आले. खास खेळ, मी प्रमुख पाहुणी! त्यांना मात्र मी हळू आवाजात, पण स्पष्ट सांगितलं, "मला तो सिनेमा मुळीच आवडला नाही हो."

ते टेबलावर हात आपटून हसले. "काय गंभीर चेहऱ्यानं विनोद करता तुम्ही! तिथे स्टेजवर अगदी हेच बोला!"

घरी येऊन मौनाला बसले आणि फोन वाजला. मुलाचा! देवा, सगळा दिवस मोकळा होता, आणि याच तासाला! नेम मोडावा का? जीभ टाळूला लावून मी नुसता फोन कानाशी धरला.

"आई! मित्रानं फोटो पाठवला. चौकात तू? आई? अगं, बोल ना! थांब... मौन चालू आहे का?"

मी फोनवर नखानं टक केलं.

"मग नुसती ऐक. मी तीनदा बघितला तो सिनेमा."

माझं काळीज एवढंसं झालं. म्हणजे हाही हसला. तीनदा!

"पहिल्यांदा ऑफिसातल्यांबरोबर गेलो. सगळे लोळत होते. आणि ती म्हातारी दार वाजवते ना गं... दोनदा, आणि जरा थांबून एकदा. आई, मला एकदम भूकच लागली. भर थेटरात! मग दोन वेळा एकटाच गेलो."

त्या हसण्याच्या गोंधळात टकटक किती झाली ते मला ऐकूच आलं नव्हतं.

"तुला आवडला का?"

माझे तिन्ही नेम एकमेकांची तोंडं बघत बसले. मी टकही केलं नाही, टुकही केलं नाही.

"नाहीच आवडला! फोटो बघूनच मी ओळखलं. तो चेहरा हसण्याचाही नाही आणि भिण्याचाही नाही. मला बसमध्ये बसवून देतानाचा आहे."

सगळ्या गावानं तो चेहरा पाहिला होता. वाचला एकानं, आणि तोही इतक्या लांबून. गेला माझा गर्व! जाऊ दे मेला.

मी बोट वाकवलं आणि फोनवर वाजवलं. दोनदा. थांबून एकदा.

पलीकडून उत्तर आलं, "रविवारी येतो."

आला! जेवला, आपल्या खोलीत दुपारभर घोरला, आणि संध्याकाळी मलाच घेऊन त्या खास खेळाला निघाला. स्टेजवर मॅनेजरांनी माईक पुढे केला तेव्हा दिवस मावळला होता. मी हात जोडले.

"मावशींची वाचा पुन्हा बसली!" थेटर उठून उभं राहिलं.

अंधारात म्हातारीनं दार वाजवलं, तेव्हा मुलानं माझा हात धरला. पुढच्याच क्षणी कपाट आडवं आलं आणि हा नाकातून फस्सकन हसला, अगदी शाळेत हसायचा तसा. मग मी पडद्याकडे बघितलंच नाही. दुसरीकडे चांगलं काही बघायला असताना कोण बघतं!

सकाळच्या गाडीनं तो गेला. "सुट्टी मिळाली की येतो," म्हणाला. ती कधी मिळते ते मला ठाऊक आहे. मग गाडी हलता हलता खिडकीतून ओरडला, "आई, शेवटी बरणीचं झाकण किंचित हलतं, पाहिलंस? दुसरा भाग येणार! तो आपण एकत्रच बघायचा!"

सिनेमा टाकाऊच आहे. हे मी आजही सांगते, आणि लोक आजही हसतात. पण हल्ली प्रार्थनेत सगळ्यांसाठी सुख मागून झालं की मी आजूबाजूला बघून घेते, आणि आवाज आणखी बारीक करून म्हणते, "देवा, तेवढं त्या बाईला बरणीतून लवकर बाहेर काढ!"